छर्ऱ्यांची रास

नसरापूरच्या पेठेमागं एक जुनी भातगिरणी आहे. गिरणी बंद पडून बारा वर्षं झाली, पण शेड लांबलचक आणि पत्रा शाबूत, म्हणून तालुक्यातल्या नेमबाजी मंडळानं ती सरावासाठी घेतली. एका टोकाला पोरंपोरी हवेच्या बंदुका खांद्याला लावून उभी राहतात, दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर निशाण. पूर्वी जिथं कोंडा साठायचा त्या खोलीत मंडळाचं सगळं सामान असतं: बंदुका, हवेचे छोटे सिलिंडर, छर्ऱ्यांच्या डब्या, जाड कोट, आणि नखाएवढे स्क्रू नि वॉशर. त्या खोलीची किल्ली उत्रोलीच्या सगुणाबाईच्या कमरेला असायची.

सगुणाबाई तिथं लागली होती ती झाडलोटीला. हे पुढं मंडळाच्या अध्यक्षांनी तिला चारचौघांत ऐकवलं, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. हो, झाडायलाच लागली होती. पण पहिल्याच आठवड्यात तिच्या केरात शिशाचे दहा-बारा छर्रे, एक स्प्रिंग आणि तीन बारीक रबरी चकत्या निघाल्या. दुसऱ्या कुणी तो केर उकिरड्यावर ओतून हात झटकले असते. हिनं तो सुपात घेतला, पाखडला, निवडला आणि शिकवायला येणाऱ्या अमृत सरांपुढं कागदावर मांडला. सर चार दिवस तसलीच एक चकती शोधत होते. तिच्यावाचून एक चांगली बंदूक हवा सोडत फुसफुसत पडली होती.

"कुठं सापडली?" सरांनी विचारलं.

"केरात. तुमचं सामान केरात आन् केर कपाटात, आसं हाय हितं."

अमृत सर मोकळ्या मनाचा माणूस. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. त्याला चार वर्षं झाली.

या चार वर्षांत त्या खोलीचं रूप पालटलं. सगुणाबाईनं घरचा जुना मिसळणाचा डबा आणला. ज्या वाट्यांत मोहरी-हळद असायची त्यांत रबरी चकत्या, स्क्रू, स्प्रिंगा मापाप्रमाणं बसल्या. प्रत्येक बंदुकीला रंगीत दोऱ्याची खूण, आणि त्याच रंगाचा दोरा तिच्या छर्ऱ्यांच्या डब्यांना. भरलेले सिलिंडर उजवीकडं, रिकामे डावीकडं. खोलीत कुणी वडापाव खायचा नाही, बाहेर पडताना साबणानं हात धुवायचे, कारण शिसं पोटात गेलं तर वाईट. आणि दारावर सरांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेला पुठ्ठा: विचारल्याशिवाय काही नेऊ नये. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागावी, असा तिचा हिशेब. एखाद्या पोरानं स्क्रू भलत्या वाटीत टाकला तर ती त्याची सात पिढ्यांची उजळणी करायची. पोरं तिला टरकून असायची आणि मावशी म्हणायची.

छर्ऱ्यांची गोष्ट मात्र तिला सरांनी समजावली. कंपनी एक, माप एक, तरी एका खेपेला ओतलेले छर्रे दुसऱ्या खेपेसारखे नसतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण बंदुकीला कळतो. म्हणून बंदूक शिकंज्यात घट्ट आवळायची, प्रत्येक खेपेचे दहा-दहा छर्रे झाडून बघायचे आणि ज्या खेपेचे सगळे एकाच भोकात जातील ती खेप त्या बंदुकीची. सर त्याला लॉट म्हणायचे.

"म्हंजी वाण म्हणा की," सगुणाबाई म्हणाली. "दिसाया समदं भातच. पर इंद्रायणीत चार दाणं दुसरं पडलं, तर लोंबी आल्यावर शेत बोंबलून सांगतंय."

तेव्हापासून त्या शेडमध्ये लॉट कुणी म्हणेनासं झालं. पोरं एकमेकांना विचारायची, तुझं वाण कुठलं?

वाणाच्या बाबतीत ती एवढी कडक का, याला कारण तिचा नवरा. गेनबा मनानं वाईट नाही, पण मोठेपणाची हौस भारी. लग्नानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी वेल्ह्याकडचे पाहुणे आले आणि घरात चांगला तांदूळ नव्हता. गेनबानं बियाण्यासाठी ठेवलेलं आंबेमोहर गुपचूप गिरणीत नेऊन भरडून आणलं. पाहुण्यांनी वास घेऊन घेऊन भात खाल्ला, गेनबानं मिशीवर हात फिरवला, आणि जूनमध्ये पेरायला बी नव्हतं. सासूबाईंच्या हातचं ते वाण त्या घरातून गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून सगुणाबाई बियाणं दोन ठिकाणी ठेवते. एक मडकं सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कुठंय ते तिला एकटीलाच ठाऊक.

मंडळात वैष्णवी नावाची पोर होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवस्तीतल्या बाजीची मुलगी, अकरावीला. सरावासाठी वरवे बुद्रुकला आत्याकडं राहायची आणि शाळा सुटली की थेट शेड गाठायची. बोलायला कमी, उभी राहायला भक्कम. गेल्या वर्षी राज्याच्या निवडीत ती अर्ध्या गुणानं हुकली होती. मंडळाकडं एकच भारी बंदूक, ती सरांनी तिला दिली होती, आणि मंडळाचा ठराव असा की यंदाही निवड झाली नाही तर ती बंदूक दुसऱ्याला जाईल. म्हणजे यंदा नाही तर नाहीच. बाजीच्या सगळ्या मेंढ्या विकल्या तरी तसली बंदूक काही त्याच्या दाराशी येणार नव्हती.

जूनमध्ये दोन दिवस खपून सरांनी तिच्या बंदुकीचं वाण शोधलं. दहाच्या दहा छर्रे एका भोकात, भोक हरभऱ्यापेक्षा लहान. पुण्याच्या दुकानात त्या वाणाच्या आठच डब्या उरल्या होत्या, सरांनी आठही आणल्या. सगुणाबाईनं त्यांना लाल दोरा बांधला. सात फळीवर ठेवल्या. आठवी तिनं कनवटीला खोचली, घरी नेली आणि दुसऱ्या मडक्यात, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात, साळीच्या बियाण्याशेजारी पुरून ठेवली.

तिनं सरांना हे सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं ती स्वतःला म्हणायची. खरं म्हणजे सांगायचं नव्हतंच. दुसरं मडकं कुठंय हे सांगितलं की ते दुसरं राहत नाही. पण दारावरचा पुठ्ठा दिसला की तिला जरा कानकोंडं व्हायचं, कारण तो नियम तिचाच होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी कोयते-विळे पुजतो, सुतार रंधा पुजतो, टेम्पोवाला टेम्पोला हार घालतो. मंडळातही दरवर्षी पूजा व्हायची: सर बंदुका टेबलावर आडव्या ठेवायचे, समोर एक फूल, एक उदबत्ती, संपलं. यंदा मात्र अध्यक्षांच्या डोक्यात वारं शिरलं. अध्यक्ष म्हणजे इंद्रजितराव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल, आणि नेमबाजीशी संबंध एवढाच की फ्लेक्सवर बंदूक धरून उभे राहायचे. पुण्याचे एक बडे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते पूजा आणि फोटो. अमृत सर स्पर्धेचे कागद द्यायला पुण्याला गेलेले. सगुणाबाई सकाळी आपल्या घरचे विळे-कोयते पुजत होती. खोलीची दुसरी किल्ली अध्यक्षांकडं होती.

ती अकराच्या सुमारास नैवेद्याचा डबा घेऊन शेडमध्ये शिरली आणि दारातच थबकली.

मधोमध चौरंग, भोवती रांगोळी. चौरंगावर पितळेची मोठी परात, आणि परातीत छर्ऱ्यांची रास. खळ्यावर धान्याची घालतात तशी, शंकूसारखी, चोपून चोपून उभी केलेली. वर हळदीकुंकू. टोकाला दाबून बसवलेला नारळ. मागं बंदुका हारीनं उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ, नळीला चकाकण्यासाठी खोबरेल चोळलेलं, आणि सिलिंडरच्या तोंडाशी कुंकवाची बोटं.

सगुणाबाईनं आधी खोलीत धाव घेतली. फळ्या मोकळ्या. कोपऱ्यात भंगाराच्या पोत्यात चेपलेल्या रिकाम्या डब्या, लाल, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांसकट. अकरा वाणं होती. चार वर्षांची.

"या सगुणाबाई, नमस्कार करा," बाहेरून इंद्रजितराव म्हणाले. "कशी मांडलीय रास? साक्षात लक्ष्मी!"

पाहुणे समोर खुर्चीत, पोरं मोबाईल रोखून. दुसरी एखादी गप्प बसली असती. सगुणाबाई परातीसमोर येऊन उभी राहिली.

"ही रास कुणी घातली?"

"आम्हीच. डब्या-डब्यांत काय शोभा? एकत्र ओतल्यावर कसं भरल्यासारखं दिसतं."

"दादा, धान्याची रास घालत्यात ती एका वाणाची घालत्यात. समद्या गावाचं बी एका जागी ओतून त्याला कुणी रास म्हणत न्हाई. ह्यो सत्यानाश हाय."

"अहो बाई, छर्रे ते छर्रे. लोखंड ते लोखंड. त्यात काय सोनं-चांदी आहे?"

"शिसं हाय त्ये," सगुणाबाई म्हणाली. "लोखंड न्हाई. चार वर्सं अध्यक्ष हाय तुमी, एवढं तरी ठावं पायजे व्हतं. शिसं मऊ असतंय. वरनं नारळ दाबलाय तुमी, खालचं समदं चेंबलं आसतील. आन् हळदकुंकू नळीत गेलं तर नळी खरवडून निघंल. आन् त्या सिलिंडरच्या तोंडाला त्येल लावलंय का कुणी? त्येल आन् दाबाची हवा एकत्र आली की भडका उडतोय, सरांनी शंभरदा सांगितलंय!"

पाहुण्यांना हसू आलं. ते इंद्रजितरावांकडं बघून म्हणाले, "तुमच्या मंडळात जाणकार कोण आहे ते कळलं."

पाहुणा गमतीनं बोलला, पण ते इंद्रजितरावांना मिरचीसारखं झोंबलं. त्यांचे कान लाल झाले.

"झाडायला ठेवलेल्या बाईनं झाडावं," ते म्हणाले. "पूजेच्या ठिकाणी तमाशा नको."

आणि पूजा झाली. आरती झाली, फोटो झाले, पेढे वाटले गेले. सगुणाबाई भिंतीला टेकून मनातून धुमसत उभी होती. देवाचं नाव पुढं केलं की कुणी बोलायचं नसतं, हे इंद्रजितरावांना बरोबर माहीत होतं. देवीनं कधी सांगितलं, बाई, माझ्यापुढं सगळं कालवून ठेवा? देवीच्या पूजेत हळद वेगळ्या वाटीत असते, कुंकू वेगळ्या. दोन्ही कालवून देव्हाऱ्यात ठेवा बरं! पण हे सांगायचं कुणाला? पेढे खाणाऱ्यांना?

दुपारी सर आले आणि पाठोपाठ वैष्णवी. सरांनी आधी सिलिंडर काढून बाजूला नेले, बंदुका पुसल्या. मग परातीतला एकेक छर्रा भिंगाखाली धरला. पाच-सहा बघितले आणि भिंग ठेवून दिलं.

"सर, माझं वाण निवडता येणार नाही का?" वैष्णवीनं विचारलं.

"कंपनी वेगळी असती तर आलं असतं गं. हे डोळ्यानं नाही कळायचं. आणि कितीतरी चेंबलेत."

त्यांनी पुण्याच्या दुकानाला फोन लावला. दुकानदार म्हणाला, तो लॉट जूनमध्येच संपला, नवीन माल दिवाळीनंतर. स्पर्धा पाच दिवसांवर होती. वैष्णवीनं राशीतले बरे दिसणारे दहा छर्रे पुसून घेतले, सरांनी बंदूक शिकंज्यात आवळली आणि झाडले. कागद जवळ आणून बघितला. फोडणीतली मोहरी उडावी तशी भोकं चहूकडं उडालेली.

"शिकंज्यात अशी, तर माझ्या हातात कशी जातील?" एवढंच ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं सगुणाबाईला वाटलं.

इंद्रजितराव अजून तिथंच होते. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "नेमबाज चांगला असला की छर्रा कुठलाही चालतो. आणि खरं सांगू का सर, तुमच्या बाईनं सामान नीट लावलेलं असतं तर आमच्या पोरांचा गोंधळ झालाच नसता. नुसते दोरे बांधून ठेवलेत. कुणाला काय कळणार?"

सगुणाबाईनं ते ऐकलं. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात तिला दुसऱ्या मडक्याची आठवण झाली आणि जीभ जागच्या जागी थांबली.

संध्याकाळी ती उत्रोलीला आली, मडकं उतरवलं, राखेतून डबी काढून पदरानं पुसली. झाकण उघडलं. पाचशे छर्रे, एकसारखे, जसे आले तसे. साठ फैरी स्पर्धेच्या, थोड्या त्याआधी नेम जुळवायच्या, शिवाय सरावालाही पुरले असते.

"काय गं ते?" गेनबानं ओसरीवरून विचारलं.

"बी."

"कशाचं?"

"तुमास्नी भरडता न्हाई येयाचं आसलं."

गेनबानं तोंड फिरवलं. तीस वर्षांपूर्वीचं ते आंबेमोहर त्याला अजून पचलेलं नव्हतं.

डबी द्यायची हे तर ठरलेलंच होतं. प्रश्न होता कशी. सकाळी वरव्याच्या फाट्यावर थांबून वैष्णवीच्या हातात गुपचूप ठेवता आली असती. कोंबडं आरवलं नसतं. पण चार महिने पडून राहिलेली डबी, एकदा शिकंज्यात झाडून बघितल्याशिवाय पोरीनं तिच्यावर विसंबू नये. शिकंजा शेडमध्ये. शेडमध्ये दसऱ्याचं सोनं वाटायला सगळं मंडळ येणार. आणि अध्यक्ष म्हणणार, ही कुठून आली? सरांनी गपचूप आणली म्हणावं, तर सरांच्या गळ्यात खोटं. पुठ्ठा तिचा, नियम तिचा. सगुणाबाईला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला, की ज्यानं सगळं उधळलं तो सोनं वाटत फिरणार आणि जिनं एक डबी वाचवली तिनं मान खाली घालायची.

"मान कशाला खाली घालू?" ती चुलीपुढं मोठ्यानं म्हणाली. गेनबानं दचकून बघितलं.

दसऱ्याला सकाळी शेडमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. आपट्याची पानं हातोहात फिरत होती. सगुणाबाई सरळ वैष्णवीपुढं गेली आणि पानाऐवजी लाल दोऱ्याची डबी तिच्या तळहातावर ठेवली.

"घे. सोनं."

वैष्णवीनं दोरा बघितला, झाकणावरचा नंबर बघितला, आणि काल न रडलेली पोर मावशीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सरांनी बंदूक शिकंज्यात लावली. दहा छर्रे झाडले. कागद वर धरला. एकच भोक, हरभऱ्यापेक्षा लहान. पोरांनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या थांबल्यावर इंद्रजितरावांनी विचारलं, "ही डबी कुठून आली?"

"माझ्या घरनं."

"म्हणजे मंडळाचा माल तुमच्या घरी?"

"व्हय."

"कुणाला विचारून नेला?"

"कुणाला न्हाई."

ते पुठ्ठ्याकडं वळले आणि मोठ्यानं वाचलं: "विचारल्याशिवाय काही नेऊ नये. वा! दारावर हे, आणि घरी हे. मंडळी, याला आपल्याकडं चोरी म्हणतात. अजून काय काय गेलंय कुणास ठाऊक."

अमृत सर पुढं झाले. "दादा, ही डबी नसती तर आपली मुलगी..."

"सर, नियम म्हणजे नियम."

सगुणाबाईनं सरांना हातानं थांबवलं. तिचा आवाज चढला नाही. जे काही चढायचं ते काल रात्रीच चढून उतरलं होतं.

"व्हय, चोरली," ती म्हणाली. "बी चोरूनच ठेवाया लागतंय. आन् परक्यापासनं न्हाई, घरच्यांपासनं. परका येऊन बी खात न्हाई. घरचाच पाव्हण्यापुढं मोठेपणा कराया भरडून आणतोय. म्या नेली म्हनून एक तरी ऱ्हायली. तुमी पुजली त्यातली एक बी ऱ्हायली न्हाई. आता ह्यात चोर कोन, त्ये तुमचं तुमी ठरवा."

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि कालच्या परातीत, त्या राशीवर ठेवली. परात अजून तशीच होती. ती कुठं ठेवायची हे कुणाला सुचलं नव्हतं. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की नैवेद्याचा डबा शेडमध्येच राहिला. तो आणायला ती परत गेली नाही.

स्पर्धा झाली. वैष्णवी निवडली गेली, आणि अर्ध्या नव्हे, चांगल्या तीन गुणांनी. नसरापूरच्या चौकात फ्लेक्स लागला. इंद्रजितराव कमरेपर्यंत, वैष्णवी कोपऱ्यात तिकिटाएवढी, आणि खाली लिहिलेलं: सुसज्ज शस्त्रभांडार व काटेकोर नियोजनाचे यश. सगुणाबाई बाजाराला गेली तेव्हा तिनं ते अक्षर-अक्षर लावून वाचलं. फ्लेक्सखाली थुंकावंसं वाटलं, पण पोरीचा फोटो होता म्हणून गिळलं.

भाऊबीजेला वैष्णवी उत्रोलीला आली. पिशवीतून तिनं लाल दोऱ्याची डबी काढली. निम्मी भरली होती.

"मावशी, उरलेलं बी. पुढच्या शिबिराला सरांबरोबर जातेय, तिथं छर्रे मिळणार आहेत. हे तुमच्याकडं राहू दे."

"माज्याकडं नगं," सगुणाबाई म्हणाली. "आता तू ठिव. कुठं ठेवलंय त्ये मला बी सांगू नगं."

वैष्णवी हसली. तिला ते कळलं होतं.

दिवाळीनंतर उत्रोलीत भाताची झोडणी सुरू झाली. दुपारच्या उन्हात सगुणाबाई खळ्यावर सूप घेऊन उभी होती. पायाशी इंद्रायणीची रास, पिवळीधमक, एका वाणाची. बांधावर गाडी थांबली आणि इंद्रजितराव उतरले. पांढऱ्या बुटांनी ढेकळं तुडवत आले.

"मावशी, बरं चाललंय ना?"

आज मावशी. सगुणाबाईनं सूप खाली ठेवलं नाही.

"जरा अडचण आहे. पूजेला आले होते ते पाहुणे पुन्हा आलेत. त्यांना निशाण साधून बघायचंय, फोटोवाले थांबलेत. पण सगळ्याच बंदुका हवा सोडतायत. नुसत्या फुस्स. सर पोरीबरोबर शिबिराला गेलेत, फोनवर म्हणाले, बारीक रबरी चकती बदला, मिसळणाच्या डब्यात आहे."

"मग हाय की डब्यात."

"डबा पोरांनी आवरताना उपडा केला. सगळं एका बादलीत आहे. स्क्रू, चकत्या, स्प्रिंगा, ते परातीतले छर्रेही त्यातच ओतलेत. तीस-चाळीस चकत्या आहेत, कुठली कशाची ते कळेना." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "ही घ्या. झालं गेलं विसरून जा. चला गाडीत."

सगुणाबाईनं किल्लीकडं बघितलं. खरं तर तिचा जीव त्या डब्यात अडकला होता. वाटी-वाटी तिनं भरली होती. डोळे मिटून तिनं ती चकती काढून दिली असती.

"दादा, चोर म्हनालात त्ये किती मानसांत?"

"अहो, ते रागाच्या भरात..."

"तीस मानसांत. आता पाव्हणं हायती, फोटोवालं हायती, पोरं हायती. त्या समद्यांपुढं म्हणा, सगुणाबाई चोर न्हाई, चूक माझी झाली. म्या ह्ये सूप टाकून येते. एका चकतीला घटकाभर लागतोय."

इंद्रजितरावांनी घड्याळ बघितलं. मग गाडीकडं बघितलं. मग हसल्यासारखं केलं.

"पाहुण्यांसमोर? मावशी, तुम्ही पण ना. ते आपण नंतर बघू. आत्ता नुसती चकती द्या काढून."

सगुणाबाईनं सुपात भात घेतलं, वाऱ्याकडं तोंड केलं आणि सूप डोक्याच्या वर उचललं.

"राशीत हुडका," ती म्हणाली, आणि भात वाऱ्यावर सोडलं. कोंडा उडाला तो सगळा पांढऱ्या शर्टावर गेला.